जित्ती शे का मरेल?

एकतीस वर्षं खांबावर काढली मी.
अकरा केव्हीशी बोलायचो ते लांबून,
काठीच्या टोकाने.
आता पेन्शनीत हे काम लागलंय:
सुनेच्या सतरा कोंबड्यांभोवती
कमरेइतकी एक जाळी,
पांढऱ्या खुंट्या, पिवळा दोरा,
आणि दोऱ्यात केसासारखी विणलेली तार.

धुडकू अण्णा बांधावरून म्हणाला,
कशाला ते सोलरचं डबडं?
टाक आकडा मोटारीच्या लाईनीवरून,
मुंगूस काय, मुंगसाचा बाप फिरकणार नाही.

अण्णा, ती तार धरून ठेवते.
ही टिचकी मारते आणि सोडते,
सेकंदाला एकदा.
दोन टिचक्यांच्या मध्ये
हात काढून घ्यायला जागा असते.
सगळा फरक तेवढ्या जागेचा आहे.

(अनेरच्या काठी, केळीच्या बागेत,
डुकरांसाठी रात्री ताणलेली तार.
पहाटे डीपीवरून फ्यूज काढले,
मग त्या माणसाची बोटं एकेक सोडवली.
खाली पडलेली बॅटरी अजून चालू होती
आणि घडांवर उजेड पाडत होती.
नाव लिहीत नाही.
त्याची मुलगी शिरपूरला नर्स आहे,
सापडेल ते वाचते.)

जाळी लावणं सोपं, राखणं रोजचं.
हराळीचं एक पातं टेकलं
की करंट मातीत उतरतो, कुणाला न सांगता.
म्हणून शनिवारी विळा घेऊन मी गुडघ्यांवर,
आधी डब्याचं बटण बंद, मग क्लिप काढून खिशात,
मग गवत.
हा क्रम मोडायचा नाही,
स्वतःच्या अंगणातही नाही.

एप्रिलात काळ्या मातीला बोट जाईल अशा भेगा पडतात,
अर्थिंगची सळई कोरडी पडते, जाळी मुकी होते.
वेणू तुळशीला पाणी घालते
आणि तांब्यात उरलेलं त्या सळईवर ओतते.
हात मात्र जोडत नाही.
म्हणते, हिला नुसती तहान आहे.

कोंबड्यांना कळायला दोन दिवस लागले.
पिसांना काही जाणवत नाही,
चोच लागते, तुरा लागतो.
उघड्या मानेची पहिल्या तासात शिकली,
काबरी अजून बघते जाळीपलीकडच्या उकिरड्याकडे,
एका पंखाची पिसं कातरलेली,
तरी बघते.
पिल्लं डोळ्यांतून आरपार जातात,
त्यांना मोठं होईपर्यंत खुराड्यातच.

खुशालीने पाटी रंगवली:
हात लाऊ नका, झटका बसतो,
खाली एक कोंबडी, तिला चार पाय.
नातीला मी एकच प्रश्न शिकवला,
आमच्या गँगमध्ये खांबावर चढायच्या आधी
खालून मोठ्याने विचारायचो तो:
भो, जित्ती शे का मरेल?
उत्तर काहीही येवो, जित्तीच धरायची.

पौषात तीन दिवस आभाळ राहिलं.
बॅटरी उतरली, आणि मी चाळीसगावला लग्नात.
मेलेली जाळी अधिक वाईट.
तिला कुणी भीत नाही, आणि ती अडकवते.
परत आलो तर धुडकू अण्णाचं पाटरू,
महिनाभराचं, कानापर्यंत दोऱ्यात,
जितकं ओढत होतं तितकं आवळलं जात होतं.
अण्णा शेजारी उकिडवा बसलेला,
एक हात हवेत, पाटराच्या मानेपासून वीतभर दूर.
कधीपासून तसा होता कोण जाणे.
मला बघून ओरडला,
भो, जित्ती शे का मरेल?

मरेल, मी म्हणालो.
तरी हात खाली आला नाही.
मी डब्याजवळ गेलो, बटण बंद केलं,
क्लिप काढली, त्याला दिसेल अशी उंच धरली,
खिशात टाकली.

मग त्याने विळा मागितला.